भुकेचा वारसा आणि पुण्याची साखर

‘आमच्या सात पिढ्यांत कुणाला साखर नव्हती, मग याला तिसाव्या वर्षीच कशी झाली?’ पुण्यात हा प्रश्न आता अनेक घरांतून ऐकू येतो. उत्तरेही ठरलेली असतात : बाहेरचे खाणे, बैठे काम, रात्रपाळी, ताण. ती खोटी नाहीत. पण ती शहरापाशीच थांबतात. शहरात येण्याआधी हे शरीर कुठे आणि कशावर घडले, हा प्रश्न इतिहासाचा आहे. त्याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम पुण्यातच झाले आहे.

मधुमेह आपल्याला नवा नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक जन्मजात, दुसरा अपथ्यातून होणारा. पहिल्याचा रोगी कृश, तर दुसऱ्याचा स्थूल. पुढे मात्र दुसराच प्रकार लोकांच्या मनात ठसला. 1907 साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत उष्ण कटिबंधातील मधुमेहावर चर्चा झाली, तेव्हा कलकत्त्याचे डॉ. कैलासचंद्र बोस यांनी सुशिक्षित, बैठे काम करणाऱ्या बंगाली वर्गाकडे बोट दाखवले होते. ‘श्रीमंतांचा रोग’ ही समजूत तेव्हापासून पक्की होत गेली.

1970च्या दशकात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीत शहरांत 2.1 टक्के आणि खेड्यांत 1.5 टक्के लोकांना मधुमेह आढळला. त्याच परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे 2023 साली प्रसिद्ध झालेले आकडे शहरांत 16.4 आणि खेड्यांत 8.9 टक्के आहेत. तपासणीच्या पद्धती आणि वयोगट वेगळे असल्याने ही तुलना जपून करायला हवी. तरी वाढ प्रचंड आहे, आणि खेडीही तिच्यातून सुटलेली नाहीत, हे उघड आहे.

या दोन आकड्यांच्या दरम्यान पुणे बदलले. 1950च्या दशकात पिंपरीला सरकारी पेनिसिलिन कारखाना आला, मागोमाग मोटारींचे कारखाने आले, आणि शतक संपता संपता हिंजवडीची संगणक कंपन्यांची वसाहत उभी राहिली. 2011च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाखांवर, तर पिंपरी-चिंचवडची 17 लाखांवर गेली होती. ही माणसे कुठून आली? बरीचशी पर्जन्यछायेतल्या तालुक्यांतून आणि मराठवाड्यातून. म्हणजे ज्या मुलखाने वारंवार दुष्काळ पाहिला, तिथून.

केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना आपले मधुमेही रुग्ण इंग्रजी पाठ्यपुस्तकांतल्या रुग्णांसारखे दिसत नव्हते. ते वयाने लहान होते आणि अंगाने किरकोळ. 1992 साली निकोलस हेल्स आणि डेव्हिड बार्कर या ब्रिटिश संशोधकांनी मांडले की, गर्भात पोषण कमी पडले तर शरीर काटकसरीने घडते आणि पुढे सुबत्ता आली की तीच काटकसर अंगावर उलटते. पुढच्याच वर्षी, 1993 साली, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत तरुण स्त्रियांची गर्भारपणापूर्वीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली.

त्या स्त्रियांचे सरासरी वजन होते सुमारे 42 किलो आणि उंची पाच फूट. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे 3.5 किलोची. पण खरी गोष्ट पुढेच होती. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोट, यकृत यांसारखे अवयव लहान होते, चरबी मात्र तुलनेने फारशी घटलेली नव्हती. दिसायला हडकुळे, आतून चरबीचे असे हे बाळ. हेच मोठेपणीही दिसते. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र छापले गेले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे एकच, 22.3, चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के!

ही बाळे अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. मुलांपैकी 37 टक्के आणि मुलींपैकी 18 टक्के जणांच्या साखरेचे संतुलन बिघडलेले आढळले. बहुतेकांना अजून मधुमेह नव्हता, पण ते त्याच्या उंबरठ्यावर होते. यांतील जवळजवळ निम्मी मुले-मुली कमी वजनाची होती, आणि ती वाढली होती खेड्यात. शहराने त्यांना बिघडवले असे म्हणायला जागाच नाही. शहर त्यांच्यापुढे अजून यायचे होते.

आता या मुलांच्या आयांचे वय पाहू. अभ्यास सुरू झाला तेव्हा त्या सरासरी एकवीस वर्षांच्या होत्या. म्हणजे 1970च्या दशकाच्या आरंभी जन्मलेल्या. महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत त्या काळाला एकच नाव आहे : बहात्तरचा दुष्काळ. 1973च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते. खडी फोडणाऱ्या, सुकडीवर दिवस काढणाऱ्या बायकांत गर्भारशीही असणारच. दुष्काळ आणि नातवंडांची साखर यांचा थेट संबंध त्या अभ्यासाने सिद्ध केलेला नाही. ही सांगड माझी आहे. पण मुलीचे गर्भाशयच नव्हे, तर तिची बीजांडेसुद्धा ती आईच्या पोटात असतानाच घडतात. म्हणजे आजीच्या ताटाशी नातवंडाचा संबंध जोडणे हे केवळ अलंकारिक बोलणे ठरत नाही.

त्यामागेही इतिहास आहे. 1876-77च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या मजुरांची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. तेव्हाचा वाद होता माणूस कितीवर जगू शकतो, हा. जगलेल्यांच्या पोटी जन्मणाऱ्यांचे काय, हे कुणी विचारले नव्हते.

हा वारसा अटळ मात्र नाही. त्याच सहा गावांत ज्या गर्भवतींच्या जेवणात पालेभाज्या, फळे, दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. ज्या शेतात फार राबत होत्या, त्यांची लहान. साठ टक्क्यांहून अधिक आयांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी होते. म्हणून 2012 पासून त्याच पिढीतल्या किशोरवयीन मुला-मुलींना, ती स्वतः आई-बाप होण्याआधीच, हे जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग सुरू झाला.

तेव्हा तिशीतल्या मुलाला ‘गोड फार खाल्लेस’ म्हणून दोष देण्याआधी थोडे मागे पाहावे. त्याने चालावे, वेळेवर झोपावे, बारीक असला तरी साखर तपासावी, हे खरेच. पण त्याच्या मुलांची साखर ठरायला सुरुवात झालेली असेल ती घरातल्या मुलीच्या आणि सुनेच्या ताटात. सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाण्याची रीत ज्या घरांत अजून आहे, तिथे मधुमेहाविरुद्धचे पहिले काम म्हणजे तिचे ताट पहिल्या पंगतीत मांडणे.