जामीन कोण?

साल 1927, दिवाळी नुकतीच झाली आहे. बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरून ढोकी, मुरूड, हरंगुळ करत तुम्ही लातूरला उतरता. ही गाडी 1911 पासून इथवर येते, म्हणून माढ्याकडच्या कोरडवाहू गावातल्या माणसाला पोटापाण्यासाठी लातूर सुचतं. इंग्रजी मुलूख मागे राहिला, ही मोगलाई, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा शिपाई गाठोडं सोडायला लावतो, एक धोतर नि भाकरीचं फडकं पाहून ‘जा’ म्हणतो. कचेरीची पाटी उर्दूत, कागदावर सन 1337 फसली.

आधी सराफाकडे जा. बाजाराचा हिशेब हालीत, म्हणजे निजामाच्या रुपयात चालतो. शंभर कलदारांना, म्हणजे इंग्रजी रुपयांना, साधारण 116 हाली, म्हणजे तुमच्या दहाचे साडेअकराच्या वर होतात. पैसे वाढल्यासारखे वाटतील, पण वाढलेले नाहीत. कमरेला नीट बांधा.

मग गंजगोलाई. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यातला हा चौक, मधोमध 1917 ची दुमजली गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठे गूळ, कुठे मिरची, कुठे सोनं. भुईमुगाच्या गाड्या लागल्यात, बैल सोडलेत, धुळीनं घसा धरतो. तुम्ही एका आडतीची पायरी चढता.

“कोण गावचा रे?”

“माढ्याकडचा, मालक. पोती उचलतो.”

“जामीन कोण?”

दंडातलं बळ आडत्याला दिसतंय. पण उद्या गल्ल्याला हात घालून हा हद्दीपलीकडे गेला तर? तिकडे निजामाच्या पोलिसाचा हुकूम चालत नाही. आडत्याची भीती खोटी नाही, आणि तुमच्यापाशी तिच्यावर उत्तर नाही. दुसरी आडत, तिसरी आडत, प्रश्न तोच.

दुपारी हमालांचा मुकादम तुमची बोली ऐकून थांबतो. गाव विचारतो, वडलांचं नाव विचारतो. “नांदेडला उस्मानशाही मिल हाय, म्हैन्याला पगार मिळंल. पर तिथंबी जॉबर वळखीच्यालाच आत घेतो. त्यापरीस हितंच ऱ्हा.” मग आडत्याकडे वळून म्हणतो, “माझ्या आत्याच्या गावचा हाय, मालक. मी जामीन.”

काम मिळतं ते या एका वाक्यावर.

काट्याजवळ उभे राहा. तोलार पहिल्या मापाला एक म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो, मग दोन, तीन. पलीकडे दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतायत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारीच उभा आहे आणि त्याला काही कळत नाही. हा उघड अन्याय आहे. हैदराबाद संस्थानात शेतमाल बाजाराचा कायदा यायला 1930 उजाडेल. तोवर तुम्ही पोती वाहाल, कोणाची उधारी बुडत नाही हे हेराल, आणि जमलं तर कडेला गुळाचं छोटं पाल टाकाल. तेव्हा माल उधार मिळेल तोही मुकादमाच्याच शब्दावर.

आज लातूर-नांदेडला कामाला येणाऱ्या पोराच्या खिशात आधार कार्ड असतं. तरी खोली देणारा आणि दुकानात ठेवणारा विचारतोच, इथे ओळखीचं कोण आहे? तुमच्या गावाकडचं कोणी असं अडलं असेल, तर आजच त्या मालकाला फोन करा आणि सांगा, मी ओळखतो याला.