राणीछाप रुपया आणि चांदीची लगड

देरासराच्या किंवा बस्तीच्या भांडारातील जुनी पेटी उघडली, की एखाद्या मळकट थैलीत राणीछाप आणि राजाछाप रुपये बहुधा निघतातच. कोणी ते प्रतिष्ठा-महोत्सवात वाहिलेले असतात, कोणी वर्षीतपाच्या पारण्याला, कोणी दिवंगत आईच्या स्मरणार्थ. चांदीचा भाव चढला, की विश्वस्तांच्या सभेत विषय निघतो : हे रुपये सराफाकडे मोडीत द्यावेत, बदल्यात शुद्ध चांदी घ्यावी आणि तिची आंगी, छत्र किंवा मुकुट घडवावा. देवद्रव्य देवकार्यीच लागणार असल्याने या विचारात दोष काढता येत नाही. तथापि एकदा मुशीत गेलेला रुपया परत येत नाही. म्हणून निर्णयापूर्वी त्या रुपयाची ओळख करून घेणे इष्ट ठरते.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ च्या कायद्याने सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा अथवा ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जची पहिली वर्षे, एवढ्या दीर्घ काळात हा कस ढळला नाही. दुसऱ्या महायुद्धात मात्र चांदीची चणचण भासली आणि १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी उरली. बाकी तांबे, निकेल व जस्त. १९४७ मध्ये तर रुपया निकेलचाच झाला. हिशेब सरळ आहे. न झिजलेल्या शंभर जुन्या रुपयांत सुमारे १,०६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. १९४० नंतरच्या शंभरांत केवळ ५८३ ग्रॅम. दोन्ही रुपये एकाच थैलीतून एकाच काट्यावर टाकले, तर घेणारा सर्वांना हलक्या कसाचा भाव लावतो आणि भांडाराचे नुकसान होते. नाण्यावरचे साल वाचता येत नसेल, तर कडेवरून बोट फिरवावे. जुन्या रुपयाची कड साध्या उभ्या रेघांची असते. १९४० नंतरच्या कडेत मधोमध निराळी खाच आढळते.

नाण्याचे मोल धातूवर धरावे की छापावर, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. अठराव्या शतकात मुर्शिदाबादेत जगत्‌शेठ घराण्याचा, म्हणजे मूळच्या नागोरच्या ओसवाल जैनांचा, टांकसाळीवर प्रभाव होता. १७२३ मध्ये बादशहा मुहम्मदशहाने फतेहचंदांना ‘जगत्‌शेठ’ हा किताब दिला. त्या काळी बंगालमध्ये चालू सालचा रुपया ‘सिक्का’ म्हणून पूर्ण मोलाने चाले. पुढे वर्षे लोटली, की तोच रुपया ‘सनवात’ ठरून त्यावर बट्टा बसे. चांदी तीच, केवळ साल जुने. या बट्ट्यावर पेढ्या श्रीमंत झाल्या आणि शेतकरी नाडला गेला, हेही नमूद केले पाहिजे. आज उलटे घडते : साल जितके जुने, तितका जाणकार अधिक देतो. मात्र तेही सरसकट नव्हे.

पहिल्या महायुद्धात चांदी महागली, तेव्हा लोकांनी रुपये दडवले आणि वितळवलेही. १९१७ मध्ये सरकारला नाणी वितळवण्यास बंदी करावी लागली आणि त्याच वर्षी एक रुपयाची नोट निघाली. १९१८ मध्ये अमेरिकेने आपले २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर आटवले आणि त्यातील बहुतांश चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. पुढे १९८० व २०११ मध्ये भाव कडाडले आणि २०२५ मध्ये तोही उच्चांक मागे पडला. अशा प्रत्येक तेजीत जुन्या नाण्यांवर मुशीची वेळ येते.

पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची कथा सांगण्याजोगी आहे. राजाच्या झग्यावरील साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. सरकारने वाटप थांबवून बहुतेक नाणी वितळवली आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीची सोंड नीट काढली. वाटपात गेलेले थोडे रुपये म्हणूनच आज संग्राहक शोधत असतात. १९३९ चा रुपयाही असाच दुर्मिळ. १८३५ पूर्वीचे सुरती, चांदवडी, अंकुशी रुपये तर जाणकाराला दाखविल्याशिवाय हातावेगळे करूच नयेत. याउलट कडी जोडून माळेत ओवलेले, राखेने घासून गुळगुळीत झालेले सामान्य सालांचे रुपये मोडीत गेल्यास फारसे हळहळण्याचे कारण नाही. कायद्याचेही भान हवे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू असते आणि ते परदेशी पाठविता येत नाही. पाया खणताना सापडलेल्या धनाची वर्दी १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ते भांडाराचे धन समजून परस्पर विकता येत नाही.

या विषयातील सर्वांत मोठा जाणकार जैनच होता. श्रीमाळ कुळातील ठक्कुर फेरू दिल्लीत खिलजींच्या पदरी होता. टांकसाळीत आटणीसाठी येणारी देशोदेशीची नाणी त्याने डोळ्यांनी पाहिली, तोलली, कसाला लावली आणि विक्रम संवत १३७५ मध्ये, म्हणजे इसवी सन १३१८ मध्ये, ‘द्रव्यपरीक्षा’ हा प्राकृत ग्रंथ आपल्या भावासाठी व मुलासाठी रचला. गुजरात, माळवा आणि इतर राज्यांच्या दोनशेंहून अधिक नाण्यांची नावे, वजने, त्यांतील चांदीचे प्रमाण आणि विनिमयाचे मोल त्यात नोंदले आहे. ती नाणी आटली, राज्येही बुडाली. त्यांतील कित्येक नाण्यांचे नाव आज केवळ फेरूच्या गाथांमुळे ठाऊक आहे.

फेरूने आटणी थांबविली नाही. ते त्याचे कामच होते. त्याने आधी लिहून ठेवले. भांडारातील रुपयांबाबतही हाच क्रम शक्य आहे : प्रत्येक नाण्याचे साल, टांकसाळीची खूण, वजन आणि माहीत असल्यास वाहणाऱ्याचे नाव व निमित्त वहीत उतरवावे, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, दुर्मिळ नाणी बाजूला काढावीत, मग उरलेल्यांचा ठराव करावा. फेरूच्या ग्रंथाची एकमेव जुनी पोथी १९४६ मध्ये कलकत्त्याच्या एका जैन ग्रंथभांडारात अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांच्या हाती लागली. तोवर ती सहा शतके कोणीतरी जपून ठेवली होती.