लावणं एका दिवसाचं, राखणं जन्माचं

श्रोते हो, सावता महाराजांचा मळा कुणाला ठाऊक नाही? अरणला भाजीपाल्याचे वाफे भिजवता भिजवता त्यांनी पांडुरंग आपलासा केला. इ. स. १२९५ मध्ये महाराज समाधिस्थ झाले. त्यांचा मळा मात्र आजही आपल्या बोलण्यात हिरवा आहे. कारण काय? माळी रोप लावून घरी जात नाही. लावणं एका दिवसाचं, राखणं जन्माचं!

आपलं मनही असाच मळा आहे बरं का. त्यात माणसं रुजतात. पाणी घातलं तर आठवण फुलते, नाही तर तण माजतं.

शिवछत्रपतींच्या जिवाभावाच्या माणसांचा मळा बघायचा असेल, तर आपल्या महाड-पोलादपुरात बघा. पाचाडला जिजाऊसाहेबांची समाधी. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि लेकाच्या डोक्यावर छत्र बघून १७ जूनला आईनं डोळे मिटले. उमरठला तानाजीरावांची समाधी. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर मित्रानं मित्रासाठी देह ठेवला. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी. त्यांनी संस्कृतात शिवभारत रचलं. एकीनं माया दिली, एकानं प्राण दिला, एकानं शब्द दिला. आणि वर गडावर स्वतः महाराज.

पण मायबापहो, एवढ्या थोर मळ्यातही रान माजलं! १८१८ मध्ये रायगड इंग्रजांकडे गेला, गडाची वर्दळ थांबली. १८८३ मध्ये जेम्स डग्लस नावाच्या इंग्रजानं आपल्या पुस्तकात लिहिलं, की महाराजांच्या समाधीकडे कुणी बघत नाही. परक्यानं सांगावं आणि आपण ऐकावं, केवढी लाजेची गोष्ट!

मग पाणी कुणी घातलं? ज्यांच्या घराण्याचं आडनावच फुलांच्या धंद्यावरून पडलं, त्या जोतिबा फुल्यांनी १८६९ मध्येच महाराजांचा पोवाडा रचला होता. पुढं १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणीची हाक दिली. गोरगरिबांनीही आपापल्या परीनं पैसे धाडले, आणि १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला. विसरलेली वाट पुन्हा पायाखाली आली.

आता आपल्या घरात बघू या. पोरं मुंबईला, सुरतेला गेली. गावच्या घराला कुलूप, परसात तुळस वाळलेली. भावाभावांत बांधावरून अबोला. आजीची आठवण काढायला वर्षाचं श्राद्धच उजाडावं लागतं. अहो, राजाच्या समाधीवर रान माजलं, तिथं आपल्या नात्यांचं काय? गणपतीला घर उघडाल, तेव्हा भावाचंही दार ठोठवा. आजोबांनी लावलेल्या आंब्याखाली नातवाला उभं करा आणि सांगा, हा कुणी लावला ते. त्याच्या हातून तांब्याभर पाणी घाला. तेवढ्यानं मळा जगतो.

बोला, पंढरीनाथ महाराज की जय!