एवढ्या बारीक माणसाला साखर कशी?

बारामती-इंदापूरकडे हा प्रश्न तुम्ही नक्की ऐकला असेल: "अंगानं तर काटकुळा, मग ह्याला साखर कशी झाली?" उत्तरासाठी १९७२ पर्यंत मागं जाऊ.

त्या दुष्काळात आपल्याकडची जिरायत गावं खडी फोडत होती, पोटाला मिलो आणि सुकडी. नीरा डाव्या कालव्याखालच्या उसाची गोष्ट वेगळी. त्याच वर्षी अमेरिकेत अ‍ॅन्सेल कीज यांनी केटले या बेल्जियन गणितज्ञाच्या एकोणिसाव्या शतकातल्या सूत्राला नवं नाव दिलं, 'बॉडी मास इंडेक्स'. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, बस्स. त्यांच्या आकडेवारीत पाच देशांतले सात हजारांवर पुरुष होते. बाई एकही नाही, आणि भारतही नाही! दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता याच सूत्राचा.

पण वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा इंडेक्स अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२.

हे येतं कुठून? १९९३ पासून याज्ञिकांच्या गटानं पुणे जिल्ह्यातल्याच सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. (आपले तालुके त्यात नव्हते.) आयांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकलेली. म्हणजे दिसायला बारीक, आतून स्थूल.

अशा शरीराला पुढं थोडंसं वजनही जड जातं. चरबी पोटात, यकृतात साठते, इन्सुलिनचा असर घटतो, साखर वाढते, आणि हळूहळू हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. सगळा दोष उसावर किंवा चहातल्या साखरेवर टाकणं मला तरी पटत नाही. आईच्या ताटात काय होतं, तेही विचारायला हवं. अर्थात जाड माणसाला धोका नाही, असा याचा अर्थ अजिबात नाही.

२००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी रेषा खाली आणली: २३ ला जादा वजन, २५ ला स्थूलता. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८०. हे मोजायला शिलाई मशिनच्या खणातली टेप पुरते.