बैलाचं चित्र आणि चित्रातला बैल

आजचा भाग जलरंगांच्या इतिहासावर आहे, आणि सुरुवात करू या खोपोलीजवळच्या साजगावापासून. खालापूर तालुक्यातलं हे गाव कार्तिकी एकादशीच्या यात्रेमुळे ओळखलं जातं. सुक्या मासळीचा बाजार इतका मोठा, की इथल्या देवालाच लोक 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. याच यात्रेत बैलबाजारही भरत आला आहे. जनावरं रंगवायला शिकायचं तर याहून चांगली शाळा नाही, असं माझं मत.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. कोरा कागद हाच पांढरा बैल. आपण रंगवायच्या त्या सावल्या. वशिंडाखाली आणि पोटाखाली अल्ट्रामरीन निळा व बर्न्ट सिएना मिसळून ओल्यावर ओला रंग सोडायचा. गळ्याखालच्या पोळीच्या घड्या अशाच मऊ ठेवायच्या. शिंगांची कड मात्र सुक्या कागदावर. खरबरीत कागदावरून जवळजवळ कोरडा ब्रश आडवा ओढला, की कातडीचा, खुरांवरच्या धुळीचा, दगडाचा पोत आपोआप उमटतो.

आता गंमत बघा. हे सगळं जमतं, कारण कागद पाणी लगेच पीत नाही. आणि तो पीत नाही, कारण चांगल्या जलरंगाच्या कागदाला परंपरेने जिलेटिनची खळ देतात. जिलेटिन येतं जनावरांच्या कातडी-हाडांतून. रंग सहज पसरावा म्हणून पाण्यात जे 'ऑक्स गॉल' टाकतात, ते गुरांचं पित्त. चपट्या ब्रशांचे काही केस गुरांच्या कानांतले. म्हणजे आपण बैल काढायला बसण्याआधीच तो कागदात, पाण्यात आणि ब्रशात येऊन बसलेला असतो!

रंगातही होता. 'इंडियन यलो' ऊर्फ पिउरी हा झळझळीत पिवळा रंग आपल्याकडच्या लघुचित्रांत होता, पुढे युरोपच्या रंगपेट्यांत गेला. 1883 मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जींनी बिहारात मुंगेरजवळच्या मिर्झापूरला जाऊन तो कसा बनतो ते लिहून ठेवलं: गायींना आंब्याचा पाला आणि पाणी एवढंच द्यायचं, त्यांचं मूत्र आटवायचं, गाळायचं आणि उरलेल्या गाळाचे गोळे वाळवायचे. त्या गायी खंगलेल्या दिसत, आणि हा धंदा करणाऱ्या गवळ्यांना बाकीचे गवळी कमी लेखत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रंग बाजारातून गेला. आज त्या नावाने मिळतो तो कृत्रिम.

त्याच काळात जॉन लॉकवुड किपलिंग यांचं 'बीस्ट अँड मॅन इन इंडिया' 1891 साली आलं. 1865 पासून दहा वर्षं ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकवत होते. पुस्तकात गायबैलांवर स्वतंत्र प्रकरण आहे. चित्रकाराने जनावर नुसतं आकार म्हणून बघू नये, त्याचे हालही बघावेत, हे मला त्यातून पटलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. बैल जरूर रंगवा, पण त्याआधी जोखडाने घासलेली त्याची मान नीट बघा. तिथली कातडी काळवंडलेली, जाड झालेली असते. तिथे कोरडा ब्रश लागतो, आणि ती जागा गाळली तर चित्र सुंदर होईल, पण खोटं होईल. आणि दुकानात कागद घेताना खळ कशाची आहे, ते विचारा. वनस्पतीजन्य आणि कृत्रिम खळीचे कागदही मिळतात. निवड तुमची, पण माहीत असून केलेली असावी. भेटू पुढच्या भागात!