घोटाघोटाचा इतिहास

ऑलिंपिकची पहिली मॅरेथॉन एका पाणक्याने जिंकली. ही थाप नव्हे. १८९६ साली अथेन्सला चाळीसेक किलोमीटर धावून जो पहिला आला तो स्पिरिडॉन लुईस, मारौसी गावाहून अथेन्समध्ये पाणी नेऊन विकणारा होता. शर्यतीत मात्र त्याने वाटेत थांबून वाइनचा पेला घेतला म्हणतात. हलवायाने घरी जाऊन भजी मागावीत, तसलाच प्रकार! तरी जिंकला तो पाण्याची किंमत ओळखणारा, एवढं लक्षात ठेवा. कारण त्यानंतर धावणाऱ्यांनी किती पाणी प्यावं हे बहुतेक वेळा खुर्चीत बसलेल्यांनी ठरवलं, आणि बसलेल्या माणसाला तहान बेताचीच लागते.

मीही पेशाने बसलेलाच. बँकेतला कारकून. पण पहाटे अंबड रस्त्याला दहा-पंधरा किलोमीटर धावतो. पाय ठीक आहेत, दम ठीक आहे. पोट तेवढं हळवं आहे. नव्या जावयासारखं, कशाने बिनसेल सांगता येत नाही. पाणी प्यालो नाही तर डोकं गरगरतं, प्यालो तर पोटात पखाल हिंदकळते. "अहो, मग धावताच कशाला?" हा घरातला प्रश्न बिनतोड आहे, म्हणून त्याला उत्तर न देता मी इतिहासाकडे वळलो. जुन्या खतावण्या उलगडायची आम्हाला सवयच असते.

खतावणीतलं सगळ्यांत भयंकर पान सेंट लुईसचं, ३० ऑगस्ट १९०४ चं. बत्तीस अंशांच्या आसपास ऊन, धुळीचा कच्चा रस्ता, पुढे मोटारी धूळ उडवताहेत आणि चाळीस किलोमीटरच्या वाटेवर पाण्याची सोय जवळजवळ नाही. पाण्यावाचून माणूस किती तगतो हे आयोजक जेम्स सुलिव्हन यांना पाहायचं होतं, असं सांगतात. बत्तीस जण निघाले, चौदा पोहोचले. विल्यम गार्सिया नावाचा धावपटू रस्त्यात कोसळला. धूळ गिळून त्याच्या पोटात रक्तस्राव झाला होता, थोडक्यात वाचला. विजेता टॉमस हिक्स. त्याने पाणी मागितलं तेव्हा त्याचं तोंड नुसतं ओल्या स्पंजाने पुसलं, आणि प्यायला काय दिलं, तर अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्निन. म्हणजे ज्याने उंदीर मारतात ते! माझा जीव मात्र अडकला तो चौथ्या आलेल्या फेलिक्स कार्वाहालमध्ये. हा क्यूबाचा पोस्टमन. भूक लागली म्हणून वाटेतल्या बागेतली सफरचंदं खाल्ली, पोटात कळा आल्या, थोडा वेळ आडवा झाला, उठला आणि चौथा आला. हळव्या पोटवाल्यांनी घरात ज्याचा फोटो लावावा असा हा एकच महापुरुष.

आपली माणसं या वाटेला लागली ती पुण्याहून. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहताना दोराबजी टाटांच्या लक्षात आलं, की धावणारे बहुतेक शेतकरी आहेत आणि अनवाणी धावताहेत. पुढच्याच वर्षी बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार अँटवर्पच्या मॅरेथॉनला उभे राहिले. पावणेत्रेचाळीस किलोमीटरची शर्यत. दातारांना ती पुरी करता आली नाही, पण चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. हवा थंड आणि पावसाळी होती. निम्मी तहान पावसाने परस्पर भागवली असणार, असा माझा हिशेब.

तरी पाण्याबद्दलचा संशय गेला नाही. १९५३ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत पहिले पंधरा किलोमीटर खाणंपिणं नाही, असंच होतं. मग १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड यांनी खेळाडूंसाठी मीठ-साखरेचं पाणी तयार केलं, त्याचं गेटोरेड झालं, आणि वारं फिरलं ते इतकं, की १९९६ साली अमेरिकन तज्ज्ञ तासाला ६०० ते १२०० मिलिलिटर प्या म्हणू लागले. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एक तरुणी जास्त पाणी पिऊन दगावली. रक्तातलं मीठ फार पातळ झालं की मेंदूला सूज येते. त्याच शर्यतीतल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं, त्यांत १३ टक्क्यांचं सोडियम घसरलेलं निघालं. जालन्याच्या माणसाला हे पचायला जड जातं. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्याकडे मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या, नळाच्या पाळ्या आठवड्यांत मोजल्या. आणि जगात माणसं पाणी जास्त झालं म्हणून मरतात!

या सगळ्यात पोटाला कोणी विचारलंच नाही. धावताना पोटाच्या खात्यातलं रक्त पायांच्या आणि कातडीच्या खात्यावर वर्ग होतं. अशा कडकीच्या वेळी वरून दाट गोड सरबत ओतलं की पोट ते पुढे सरकवत नाही, आणि सरकवलं तर आतडं उलट अंगातलंच पाणी त्यात ओढून घेतं. बाकीची हकीकत रस्त्याकडेच्या झुडपांना ठाऊक!

यावरचा तोडगा मैदानात नव्हे, छावणीत सिद्ध झाला. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत, बनगावला, पटकीची साथ होती आणि सलाइनच्या बाटल्या संपत चालल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरली आणि आयाबायांच्या हाती पेले दिले. तीस टक्क्यांच्या घरात असलेलं मरणाचं प्रमाण चारच्या खाली आलं. मीठ आणि साखर यांचं आतड्यात जॉइंट खातं असतं. दोघांच्या सह्या झाल्या की चेक चटकन वटतो आणि पाठोपाठ पाणीही आत जातं. पटकी झालेल्या आतड्यातसुद्धा. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये. आमच्या बँकेत बढत्या उशिरा होतात, पण निदान माणूस असताना होतात.

जागतिक आरोग्य संघटनेची घरगुती कृती लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, अशी आहे. ती हगवणीसाठी. पण आमची आजी उन्हातून आलेल्याला आधी गुळाचा खडा, मग पाणी, आणि थोड्या वेळाने मीठ घातलेलं ताक देत असे. वर दम भरायची, "घटाघटा पिऊ नकोस मेल्या, घोट घोट पी." आजचे तज्ज्ञही पुष्कळ काथ्याकूट करून तिथेच आलेत. तहान लागेल तसं, थोडं थोडं.

मी मोसंबीच्या रसात तेवढंच पाणी आणि चिमूटभर मीठ घालून बाटली कमरेला बांधतो. दर दोन किलोमीटरला दोन घोट. पखाल आता हिंदकळत नाही. फक्त, निम्म्या रसात पाणी ओतताना रसवाल्याचा चेहरा पाहवत नाही. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे तो दर वेळी ऐकवतो.