दाब, प्रवाह आणि अंतर : खोपोली ते साखरा

साखरा हे गाव हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात आहे. या तालुक्याला लागून असलेल्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण असून तेथील जलविद्युत् केंद्र 1968 मध्ये सुरू झाले. त्याच्या तीन संचांची एकत्रित क्षमता 22.5 मेगावॉट आहे. वीज इतक्या जवळ निर्माण होत असता या परिसरातील वाहिनीच्या अखेरच्या टोकावरील विहिरीचा पंप मंद का चालावा, हा प्रश्न सामान्यतः कारभाराचा समजला जातो. तो अंशतः तसा आहेही. परंतु त्याच्या मुळाशी एक जुने गणित आहे आणि महाराष्ट्राच्या विद्युतीकरणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्या गणिताचाच इतिहास होय.

जॉर्ज ओम या जर्मन शिक्षकाने 1827 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, तारेतील प्रवाह दाबाच्या सम प्रमाणात व रोधाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून दाबास प्रवाहाने भागले असता रोध मिळतो. 1841 मध्ये जूलने दाखविले की, तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते. दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, हे तिसरे सूत्र. 1881 च्या पॅरिस परिषदेत व्होल्ट, ओम व अँपिअर ही एकके मान्य झाली. वॉट हे नाव सीमेन्सने 1882 मध्ये सुचविले. प्रयोगशाळेतील या संबंधांना येथून व्यापारी हिशेबाचे रूप आले.

तो हिशेब महाराष्ट्रात प्रथम मोठ्या प्रमाणावर कसास लागला तो खोपोली येथे. 1910 मध्ये स्थापन झालेल्या टाटा जलविद्युत् कंपनीने लोणावळ्याच्या परिसरात पाणी अडवून ते घाटाखाली उतरविले आणि 1915 पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यास आरंभ केला. खोपोली ते परळ हे अंतर सुमारे 70 किलोमीटर. त्यासाठी 1 लक्ष व्होल्टचा दाब योजण्यात आला. त्याचे कारण एका सोप्या उदाहरणाने स्पष्ट होईल. 10,000 किलोवॉट शक्ती 10,000 व्होल्ट दाबाने पाठवावयाची तर 1,000 अँपिअर प्रवाह लागतो. रोध केवळ 1 ओम धरला तरी तारेतच 1,000 किलोवॉट, म्हणजे एक दशांश शक्ती, उष्णतेच्या रूपाने नष्ट होते. दाब 1 लक्ष व्होल्ट केल्यास प्रवाह 100 अँपिअर होतो आणि हानी 10 किलोवॉटवर येते. दाब दहापट, हानी शंभरावा भाग. प्रत्यक्षातील त्रिकला वाहिनीस हे गणित थोड्या वेगळ्या रूपात लावावे लागते. तत्त्व मात्र तेच राहते. घाटातील पाणी शहराच्या उपयोगी पडले ते या वर्गाच्या नियमामुळे.

मराठवाड्याकडे हे गणित उशिरा व उलट्या बाजूने आले. हिंगोलीचा प्रदेश 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना झाल्यानंतर ग्रामीण विद्युतीकरणाने वेग घेतला. उच्चदाबाची वाहिनी 11,000 व्होल्टने गावापर्यंत येई. तेथे एका रोहित्रावर दाब सुमारे 400 व्होल्टपर्यंत उतरवून लघुदाबाच्या लांबलचक तारा शेतोशेती नेल्या जात. खोपोलीच्या अभियंत्यांनी जे टाळले, तेच येथे शेवटच्या टप्प्यात घडले.

दिव्यांच्या भारात याचा दोष फारसा जाणवत नाही. 230 व्होल्टवर 100 वॉटच्या तापदीपाचा रोध 529 ओम येतो. दाब 190 व्होल्टवर उतरला व रोध स्थिर मानला, तर शक्ती सुमारे 68 वॉट राहते. दिवा मंदावतो, प्रवाहही घटतो. पंपाच्या मोटारीचे तसे नाही. तिच्या बाबतीत दाब भागिले प्रवाह हे उत्तर वेटोळ्यांचा रोध दाखवीत नाही, कारण फिरत्या मोटारीत दाबास विरोध करणारे प्रेरण निर्माण होत असते. पाणी उपसण्याचा भार कायम असता दाब घटला की मोटार अधिक प्रवाह ओढते. त्यामुळे तारेतील दाबाची घट वाढते, शेजारच्या पंपाचाही दाब उतरतो आणि वेटोळी तापून अखेर जळतात. हळदीसारख्या पाण्यावर अवलंबून असणाऱ्या पिकाच्या ऐन हंगामात त्याचा अर्थ काय, हे सांगणे नको. एकाच दराची वीज रोहित्राजवळच्या व टोकावरच्या शेतकऱ्यास सारखी मिळत नाही. तारेचा रोध दोघांत भेद करतो.

2018 मध्ये राज्यात कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणालीची योजना हाती घेण्यात आली. तीत 11,000 व्होल्टची वाहिनी विहिरीजवळ नेऊन एक-दोन पंपांमागे लहान रोहित्र बसविले जाते. 400 ऐवजी 11,000 व्होल्ट म्हणजे दाब साडेसत्तावीसपट. तेवढ्याच रोधात हानी सुमारे साडेसातशेव्या भागावर येते. अर्थात लहान रोहित्रांची संख्या वाढली की खर्च वाढतो, आणि पंप बंद असतानाही त्यांच्या गाभ्यात थोडी शक्ती खर्च होत राहते. हाही हिशेबाचाच भाग आहे.

1915 मध्ये गिरण्यांसाठी जो न्याय लावला गेला तो विहिरीच्या काठापर्यंत पोहोचण्यास शतकाहून अधिक काळ लागला. हा विलंब ज्ञानाच्या अभावाने झाला, असे म्हणता येत नाही. सूत्रे तीच होती. खोपोलीस सत्तर किलोमीटरच्या तारेचा खर्च गिरण्यांच्या मागणीने उचलला. साखऱ्यासारख्या गावी शेवटच्या एक-दोन किलोमीटरचा खर्च कोणी उचलावयाचा, हे ठरत नव्हते. गाव विजेपासून किती दूर आहे, याचे उत्तर म्हणूनच नकाशावर मिळत नाही. ते शेवटच्या पंपापाशी दाब मोजूनच द्यावे लागते.